अभिनवगुप्तांनी शंकराचार्यांवर अभिचार केला? आधी काळ तपासा

‘काश्मीरचे तांत्रिक अभिनवगुप्त शंकराचार्यांकडून वादात हरले आणि सूड म्हणून अभिचार (जारणमारण) करून त्यांना भगंदर जडवला’ हा मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. एका थोर शैव आचार्यावरचा हा आरोप निराधार आहे.

शंकराचार्य साधारण आठव्या शतकातले. अभिनवगुप्तांनी स्वतःचा काळ नोंदवला आहे. ‘ईश्वरप्रत्यभिज्ञाविवृतिविमर्शिनी’ या त्यांच्या ग्रंथाच्या शेवटी कलियुगाचे वर्ष ‘तिथि-शशि-जलधि’ असे, आकड्यांऐवजी शब्दांत येते. तिथी 15, शशी 1, जलधी 4; शेवटून वाचायचे, म्हणजे 4115. त्यातून 3101 वजा केले की इसवी सन 1014. जोडीला काश्मीरकडच्या लौकिक कालगणनेचे वर्ष 90 दिले आहे. लौकिक गणनेत शतके गाळतात, त्यामुळे नुसत्या 90 वरून शतक कळत नाही. कलिवर्षामुळे ते पक्के होते. मग दोघांची गाठ पडणार कशी?

ही अभिचाराची कथा माधवाच्या नावावरच्या ‘शंकरदिग्विजय’ या शंकराचार्यांच्या चरित्रातली. त्यातले अभिनवगुप्त कामरूपचे, म्हणजे आसामकडचे, आणि शाक्त (देवीउपासक) मताच्या भाष्याचे कर्ते. काश्मीरच्या अभिनवगुप्तांचे असे भाष्य माहीत नाही. शिवाय हाच ग्रंथ सातव्या शतकातला संस्कृत लेखक बाण आणि बाराव्या शतकातला, ‘खंडनखंडखाद्य’ ग्रंथाचा कर्ता श्रीहर्ष या दोघांनाही शंकराचार्यांसमोर आणून हरवतो. कालक्रमासाठी त्याचा आधार घेता येत नाही.

या आरोपामागचे ‘देवीउपासक म्हणजे जारणमारण’ हे गृहीतकही तपासावे. जालंधरच्या शंभुनाथांकडून दीक्षा घेतलेल्या अभिनवगुप्तांच्या ‘तंत्रालोक’ ग्रंथात 37 आह्निके (प्रकरणे) आहेत. त्यातल्या न्यासात (देहावर देवता कल्पिण्याच्या विधीत) साधक आपल्याच देहात त्रिशूळ कल्पितो. मूळ नाभीखाली चार अंगुळे, टाळूशी मायेची गाठ, तिन्ही टोके मस्तकाच्या वर बारा अंगुळांवरच्या द्वादशांतापर्यंत. टोकांवरच्या कमळांवर तीन देवी: मधे शुभ्र, सौम्य परा, बाजूंना परापरा आणि अपरा. हे सारे आपल्याच चैतन्याची ओळख पटावी म्हणून. 29व्या आह्निकात मद्य, मांस, मैथुनासह कुलयाग हा गुप्त विधी आहे, हे लपवण्याचे कारण नाही; पण तो मोजक्या अधिकारी साधकांसाठीच सांगितला आहे.

देवगिरीच्या यादव दरबारातल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ या संगीतावरच्या ग्रंथात पूर्वाचार्यांमध्ये अभिनवगुप्तांचे नाव आदराने घेतले आहे. महाराष्ट्रात आचार्य म्हणून त्यांची ओळख तेराव्या शतकापासूनची आहे.