'भांडकुदळ' म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार.

हद्दीला लागून शेजारी बांधकाम करणार असेल तर नकाशा पाहिल्याशिवाय संमती देऊ नका आणि ठरलेलं लिहून घ्या, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, "असले सल्ले भांडकुदळ शेजारी तयार करतात. ज्याला माणसं कळत नाहीत, त्यालाच कागद लागतो." पुढे तुमचे आणखी तीन मुद्दे आहेत. आधी या वाक्याबद्दल बोलतो, कारण ते मला लागलं आहे.

लेखात एका ठिकाणी 'संमती'ऐवजी 'परवानगी' असं पडलं होतं. शेजारी देतो ती संमती. परवानगी द्यायचं काम प्राधिकरणाचं. चूक माझी, दुरुस्त केली. पण त्या एका शब्दावरून माझा स्वभाव ठरवून मोकळं होणं, ही कुठली पद्धत?

माणसं माझ्या वडिलांना कळायची. शेजारच्या काकांनी हद्दीलगत खोली काढायचं ठरवलं तेव्हा वडील म्हणाले, "बांधा की, विचारता काय." काकांनी आपणहून दोन गोष्टी कबूल केल्या. छपराचं पाणी आमच्या बाजूला सोडणार नाही आणि आमच्याकडे खिडकी काढणार नाही. दोन्ही त्यांनी शेवटपर्यंत पाळल्या. म्हणजे वडिलांची पारख अजिबात चुकली नव्हती.

काकांनंतर ते घर विकलं गेलं. नव्या मालकाने छपराचा उतार फिरवला आणि आमच्या बाजूला दोन खिडक्या काढल्या. वडील बोलायला गेले, तर तो म्हणाला, "असं काही ठरलं होतं हे मला कुणी सांगितलं नाही." तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच कुणी सांगितलं नव्हतं! चार पावसाळे ते पाणी आमच्या भिंतीच्या बुडाशी पडत राहिलं. पायालगतची माती वाहून गेली, आतला गिलावा हाताने ओढला तरी सुटायचा. दर पावसात घमेल्याने तिथला चिखल मी उपसला आहे, आणि तुम्ही मला सांगता कागद कुणाला लागतो! कागद काकांसाठी नको होता, त्यांच्यामागून येणाऱ्यासाठी हवा होता.

खिडकीची गोष्ट तर पाण्याहून अवघड आहे. १८८२ च्या इझमेंट्स ॲक्टचं, म्हणजे शेजारच्या जागेवरच्या सुविधेच्या हक्कांबद्दलच्या कायद्याचं, कलम १५ वाचा. एखाद्या इमारतीला शेजारच्या जागेवरून येणारा उजेड-वारा २० वर्षं, शांतपणे, विनाखंड, सुविधेचा हक्क म्हणून मिळत राहिला तर तो हक्क पक्का होतो. मग आपल्याच जागेत आपण मजला चढवायला गेलो की शेजारी हरकत घेऊ शकतो. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात असंही आहे की हा उपभोग मालकाशी झालेल्या करारानुसार चालू असेल, आणि सुविधेचा हक्क म्हणून तो दिलेला नाही हे करारावरून दिसत असेल, तर तो काळ धरला जात नाही. म्हणजे दोन ओळी लिहिल्या की शेजाऱ्याला खिडकी काढता येते आणि आपल्या जागेवर बोजाही येत नाही. यात भांडण कुठे आहे? तोंडी ठरलेलं २० वर्षांनी सिद्ध करायला साक्षीदार मात्र कुठून आणणार, तेवढं तुम्हीच सांगा.

बाकीचं थोडक्यात. शेजाऱ्याच्या संमतीने सामासिक अंतराचा, म्हणजे हद्दीपासून मोकळी जागा सोडण्याचा, नियम शिथिल होत नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण होतो असं मी लिहिलेलं नाही. लेख पूर्ण वाचला असतात तर दिसलं असतं. मोजणीचा खर्च कुणी करायचा हे ज्याचं त्याने ठरवावं. आणि "आमच्याकडे कधी असं झालं नाही" हा मुद्दा नव्हे, ते तुमचं नशीब आहे. ते तसंच राहो, हे मनापासून म्हणतो.

मतभेदाला माझी ना नाही. या लेखाखाली तुमच्याहून कडक विरोध करणारे दोघे आहेत, त्यांना मी मुद्देसूद उत्तरं दिली, कारण त्यांनी मुद्दे मांडले होते. 'भांडकुदळ' हा शब्द मागे घ्या, सामासिक अंतरावर मी सविस्तर लिहायला तयार आहे. घेणार नसाल तर माझ्याकडून हे उत्तर शेवटचं.