धर्माच्या रकान्यात कोण लिहितं?

६ सप्टेंबर २००४ ला २००१ च्या जनगणनेचे धर्मनिहाय आकडे जाहीर झाले आणि देशभर एकाच आकड्याची चर्चा सुरू झाली. दहा वर्षांत मुस्लिमांची वाढ ३६ टक्के! टीव्हीवर आरडाओरडा झाला, अग्रलेख पडले. मग काही दिवसांत खुलासा आला. १९९१ साली जम्मू-काश्मीरमध्ये जनगणना झालीच नव्हती, म्हणजे काश्मीरमधला मुसलमान १९९१ च्या बेरजेत नव्हता आणि २००१ च्या बेरजेत होता. त्यातून ३६ टक्के निघाले होते. जम्मू-काश्मीर आणि १९८१ ला सुटलेला आसाम बाजूला ठेवून हिशेब केला तर वाढ २९.३ टक्के येत होती. हा खुलासा किती जणांनी वाचला? ३६ चा आकडा मी नंतर कितीतरी वर्षं एसटी स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत आणि पुढे व्हॉट्सॲपवर ऐकला.

२०११ च्या वेळी त्याच नाटकाचा दुसरा प्रयोग झाला. आकडे ऑगस्ट २०१५ मध्ये आले, ऐन बिहार निवडणुकीच्या तोंडावर. हिंदू ७९.८ टक्के, मुस्लिम १४.२. ‘हिंदू प्रथमच ८० टक्क्यांच्या खाली’ अशी बातमी झाली. दोन्ही समाजांचा वाढीचा वेग कमी झाला होता, हिंदूंचा १९.९ वरून १६.८ आणि मुस्लिमांचा २९.५ वरून २४.६. म्हणजे घसरण मुस्लिमांची जास्त. ही ओळ बातमीत शेवटून दुसऱ्या परिच्छेदात.

पण आज मला टक्केवारीवर भांडायचं नाही. हे आकडे तयार कसे होतात यावर आपण फारच कमी बोलतो, त्याबद्दल लिहायचंय. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी म्हटल्यावर प्रगणकाचं काम चुकत नाही. ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे. फेब्रुवारीचं ऊन, हातात अनुसूचीचा गठ्ठा, पुरुष कामावर गेलेले, दारात आजी किंवा सून. ती घरातल्या सगळ्यांची माहिती देते. वय अंदाजे. आणि धर्म? तो पुष्कळदा विचारलाच जात नाही. प्रगणक आडनाव ऐकतो, देव्हारा किंवा भिंतीवरचा फोटो बघतो आणि पुढचा प्रश्न घेतो. त्यात लबाडी नसते. दिवसाला ठरावीक घरं उरकायची असतात, पर्यवेक्षकाचा फोन येत असतो, आणि ‘तुमचा धर्म कोणता?’ हे समोरासमोर विचारायला माणूस संकोचतोही.

२०११ च्या अर्जात सहा धर्मांना सांकेतांक होते: हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, जैन. बाकी कोणी असेल तर नाव पूर्ण लिहायचं, सांकेतांक नाही. आता गंमत बघा. देशात जैनांची संख्या ४४.५ लाख निघाली. आणि ज्यांना स्वतःचा सांकेतांक नाही, ज्यांनी आग्रहाने ‘सरना’ (आदिवासींचा निसर्गपूजक धर्म) लिहायला लावलं, ते निघाले ४९.६ लाख, त्यातले बहुसंख्य झारखंडमधले. २०२० च्या नोव्हेंबरात झारखंड विधानसभेने वेगळ्या सरना कोडची मागणी करणारा ठराव केला तो यामुळेच. आपल्या गडचिरोली-चंद्रपूर पट्ट्यातल्या लोकांना हे परकं वाटायचं कारण नाही, कारण ‘गोंडी’ धर्म लिहिणारेही देशात दहा लाखांवर निघाले. एवढे लोक रकान्याबाहेर लिहायला लावतात तेव्हा रकान्यात मुकाट गेलेले किती असतील, हे ज्याचं त्याने ठरवावं. लिंगायतांच्या वेगळ्या धर्माच्या मागणीचा प्रश्न तर सोलापूर-लातूरच्या वाचकांना सांगायलाच नको. मोजणीत ते हिंदूंतच धरले गेले.

महाराष्ट्रात या सगळ्याचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे बौद्ध समाज. १९५१ साली आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत बौद्ध होते २,४८७. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि दिली. १९६१ च्या जनगणनेत आकडा आला २७ लाख ८९ हजार. जगाच्या इतिहासात जनगणनेच्या एका रकान्यात इतकी उलथापालथ झाल्याची उदाहरणं थोडी असतील. आणि ती फुकट झाली नव्हती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता, १९५६ मध्ये शिखांना मिळाला. बौद्ध झालात की केंद्राच्या सवलती बंद. राज्य सरकारने नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राच्या नोकऱ्यांचं दार उघडायला १९९० उजाडावं लागलं. म्हणजे चौतीस वर्षं ‘बौद्ध’ लिहिणारा माणूस पदरमोड करून लिहीत होता. दुसरीकडे कितीतरी घरांत दीक्षा झालेली, वंदना होते, लग्न बौद्ध पद्धतीने लागतं, पण मुलाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’. कारण दाखला बदलला की जात पडताळणीत अडकेल ही भीती. मग जनगणनेला तोच दाखला बघून सांगितलं जातं.

२०११ ला महाराष्ट्रात ६५.३ लाख बौद्ध नोंदले गेले. देशातल्या बौद्धांपैकी जवळजवळ ७७ टक्के आपल्या एका राज्यात. उत्तर प्रदेशात मात्र २००१ ला तीन लाखांवर असलेले बौद्ध २०११ ला दोन लाखांवर आले. तिथे बौद्धांची संख्या खरंच एक तृतीयांशाने घटली, यावर मी विश्वास ठेवत नाही. रकान्यात काहीतरी झालं असणार.

वस्त्यांमधून दर जनगणनेआधी ‘धर्म बौद्ध लिहा, जात महार लिहा’ असा प्रचार होतो, त्याची काही शहाणी माणसं चेष्टा करतात. पण हा प्रचार नियम वाचून केलेला असतो. अनुसूचित जातींच्या यादीत ‘बौद्ध’ किंवा ‘नवबौद्ध’ नावाची जात नाही. जातीच्या रकान्यात अभिमानाने ‘बौद्ध’ सांगणारा माणूस धर्माच्या तक्त्यात मोजला जातो आणि अनुसूचित जातीच्या तक्त्यातून गळतो. ज्या जातीतून बाहेर पडायला धर्म बदलला तिचं नाव हक्कासाठी पुन्हा तोंडाने सांगायचं, ही कोंडी काय असते ते ज्यांना कधी सांगावं लागलं नाही त्यांना कळणं अवघड आहे. नगर-जालना भागातल्या दलित ख्रिश्चनांना तर तेवढीही सोय नाही. त्यांना आजही अनुसूचित जातीचा दर्जा नाही, त्यामुळे अनेकांच्या कागदावरचा धर्म वेगळा आणि रविवारचा वेगळा. मग ‘खरे ख्रिश्चन किती’ यावर वाद घालणाऱ्यांनी आधी कायद्याकडे बघावं.

आता १ मार्च २०२७ या संदर्भ तारखेची जनगणना. १९३१ नंतर प्रथमच जनगणनेत सगळ्यांची जात विचारली जाणार आहे आणि माहिती मोबाइल ॲपवर भरायची आहे. मी जातगणनेच्या बाजूने आहे, हे आधीच सांगतो म्हणजे कॉमेंटमध्ये अंदाज बांधायला नको. १९३१ च्या आकड्यांवर २०२६ चं राजकारण करणं हा विनोद आहे. पण मोकळा रकाना ठेवला तर काय होतं ते जनगणनेपासून वेगळ्या झालेल्या २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेत दिसलं. लोकांनी जात, पोटजात, कूळ, गोत्र, आडनाव, जे आलं ते सांगितलं, प्रगणकांनी जसं ऐकू आलं तसं लिहिलं. देशात ४६ लाखांहून जास्त ‘जाती’ निघाल्या. महाराष्ट्रात शासनाच्या याद्यांत ४९४, आणि मोजणीत ४ लाख २८ हजार ६७७! हे केंद्र सरकारनेच २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं, तेही ओबीसींचा डेटा मागणाऱ्या महाराष्ट्राच्याच याचिकेवर. तो डेटा मिळाला नाही तो नाहीच.

बिहारने २०२३ ला उलटं केलं. आधी यादी केली, प्रत्येक जातीला क्रमांक दिला. आकडे स्वच्छ आले, अतिमागास ३६ टक्के वगैरे. पण त्या यादीत तृतीयपंथीयांनाही एक जात म्हणून क्रमांक दिला होता, त्यावरून गदारोळ झाला. यादी करणाऱ्या टेबलावर कोण बसतं, याचा हा परिणाम.

माझं म्हणणं एवढंच आहे की ॲपमध्ये यादी जरूर द्या, पण खाली ‘इतर’ म्हणून मोकळी जागा ठेवा. माणसाने उच्चारलेला शब्द जसाच्या तसा जपा, आणि नंतर कार्यालयात बसून तो कोणत्या गटात टाकला ते तक्त्यासोबत छापा. धर्माच्या बाबतीतही तेच. सरना, गोंडी, लिंगायत, ‘कोणताच नाही’ म्हणणारे, सगळ्यांचं. हा पांडित्याचा विषय नाही. मराठवाड्यात कुणबी कोण यासाठी आज निजामाच्या काळातल्या नोंदी धुंडाळल्या जातात, २ सप्टेंबर २०२५ चा शासन निर्णय हैदराबाद गॅझेटवर उभा आहे. तेव्हा कुठल्याशा कारकुनाने काय ऐकलं आणि काय लिहिलं यावर आजच्या पोरांची ॲडमिशन ठरतेय. २०२७ मध्ये लिहिलेलंही कोणीतरी असंच उकरणार.

माझ्या शिक्षक मित्रांनो, प्रशिक्षणात हे कोणी सांगेल न सांगेल. धर्म आणि जात आडनावावरून भरू नका, विचारा. मानधन तुटपुंजं आहे, घरं जास्त आहेत, सगळं मान्य. तरी विचारा. आणि बाकीच्यांनी प्रगणक दारात आला की ‘घाई आहे, तुम्हीच भरा’ म्हणू नका. त्याला पाणी द्या, खुर्ची द्या, आणि स्क्रीनवर काय भरलंय ते वाचून दाखवायला सांगा. कोणी स्वतः ऑनलाइन भरणार असेल तर घरातल्या बायकांना, मोठ्या मुलांना विचारून भरा. एका घरात सगळ्यांचा धर्म एकच असला पाहिजे असा नियम नाही.