अर्थिंग काढून टाका, भाऊ

पानठेल्यावर खर्रा घोटणारा पोरगा माझ्या हातातून पैसे घेत नाही हल्ली. "भाऊ, ठेवा तिथंच बरणीवर, करंट उतरला का पाहू द्या आधी," म्हणते, अन् बाकड्यावर बसलेले सगळे खी खी करतात, त्यात दोघं असे की ज्यांना मी उधारीवर युरिया देल्ला होता.

झालं काय, तर माझ्या साळ्यानं पुण्याहून ट्रॅव्हल ट्रेलर आणला. म्हणजे कारच्या मागं ओढत न्यायची चाकावरची खोली, आत पलंग, फ्रीज, सिंक, बॅटरी, चार्जर, सगळं. मोर्शीजवळच्या आमच्या संत्र्याच्या वावरात आणून लावला अन् म्हणे, "भाऊजी, अप्पर वर्धा धरण पाहायला लोक येतात, भाड्यानं द्या." भाड्यानं कोणी आलं नाही, सासूबाई आल्या. मे महिना, सकाळी तर्री-पोह्याची प्लेट घेऊन मी गेलो, पायरीजवळ चप्पल काढली (जावई असलो तरी आमच्याकडे रीत आहे), सिंकचं पाणी नेमकं तिथंच गळून चिखल झालेला, त्यात पाय, अन् डाव्या हातानं दाराचं हँडल धरलं.

पुढचं मला नीट आठवत नाही, पण प्लेट सासूबाईंच्या दिशेनं गेली एवढं नक्की. त्या म्हणाल्या, "जावईबापू, राग आला असेल तर तोंडानं सांगा ना." धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, शेजारच्या वावरातले आबाजी दात घासत उभे होते. बाकीचं गावाला त्यांनीच सांगितलं, वरून नाचून दाखवलं म्हणतात.

पहिल्यांदा साळ्याला फोन. तो म्हणे ग्राउंडचा प्रॉब्लेम आहे, कारण येताना ब्रेक दाबला की ट्रेलरचा डावा इंडिकेटर मंद मंद पेटायचा. आता हे खरं आहे पण हे वेगळं. ट्रेलरचे लाईट बारा व्होल्टवर, त्याचा परतीचा करंट पांढऱ्या वायरनं अन् लोखंडी सांगाड्यातून गाडीच्या बॅटरीकडं जाते. ती वायर तुटली, नाहीतर जोडणीवर गंज-पेंट बसला, की करंट दुसऱ्याच बल्बच्या तारेतून वाट काढते, म्हणून ब्रेकचा लाईट इंडिकेटरमधून दिसते. त्यानं झटका बसत नाही, बारा व्होल्टमध्ये काय बसणार. मला बसला तो २३० व्होल्टवाल्या लाईनचा मामला. हे त्याला समजावण्यात अर्धा तास गेला, अन् शेवटी तो म्हणे, "तरी पण भाऊजी, कारला जोडायचा तो आकडा, ती हिच, एकदा पॉलिश पेपरनं घासून पाहा." घासली. चमकते आता मस्त.

मग गावातला वायरमन. त्यानं टेस्टर ट्रेलरच्या पत्र्याला लावला, पेटला. प्लग उघडला, अर्थिंगची, म्हणजे जमिनीत जाणारी, हिरवी वायर ओढून काढली, परत टेस्टर लावला, पेटला नाही. "अर्थिंगच खराब हाय भाऊ. काढून टाका. आमच्या घरी लावलीच नाई, आजवर कोणाले झटका नाई बसला." दोनशे रुपये.

आता याच्याशी वाद कसा घालावा, कारण झटका तर खरंच बंद झाला. पण ट्रेलर रबरी टायरवर उभा असते, जमिनीशी त्याचा संबंध फक्त त्या हिरव्या वायरनं. ती काढली अन् उद्या फ्रीजमधली फेजची, म्हणजे करंट आणणारी, वायर घासून पत्र्याला लागली, तर अख्खा पत्रा २३० व्होल्टवर जाऊन मुकाट उभा राहीन, आत झोपलेल्याला कळणार पण नाही, जो खालून पाय टेकून दार धरीन तो गेला. प्लगची अर्थची पिन बाकी दोघींपेक्षा लांब अन् जाड ठेवतात ती काय शोभेला? सगळ्यात आधी लागावी अन् सगळ्यात शेवटी सुटावी म्हणून. आमच्याकडं मात्र तिला पकडीनं तोडतात, कारण बोर्डात बसत नाही.

वायरमन म्हणे ठीक आहे, अर्थिंग चेक करून देतो. फेज अन् अर्थच्या मधात शंभरचा बल्ब लावला, लखलखीत पेटला. "पाहा, अर्थिंग एक नंबर." पाच मिनिटाआधी हीच अर्थिंग खराब होती. अन् त्या बल्बवर भरवसा ठेवू पण नये, त्याचा स्वतःचा रोध पाचशेच्या वर ओहम, त्यापुढं अर्थिंगचा रोध पन्नास असला तरी डोळ्याला बल्ब सारखाच दिसणार. अर्थिंग शंभर ओहमची असली तर पत्र्याला फेज चिकटूनही २.३ अँपिअरच वाहतात, सोळा अँपिअरचा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की पडणारा ब्रेकर, काय तेवढ्यानं पडते? ढिम्म बसून राहते तो. म्हणून तर आरसीसीबी लावतात, ३० मिलीअँपिअर इकडंतिकडं गेले की पाडणारा. तो ट्रेलरमध्ये होता, साळ्यानं महागाचा लावला होता, अन् मी चिखलात नाचत होतो तेव्हा तोही ढिम्मच होता. हे मला सगळ्यात जास्त लागलं.

शेवटी मल्टीमीटर आणला. हिरवी वायर जोडली, सब्बल दूर ओल्या आळ्यात ठोकली, एक टोक सब्बलीला, एक पत्र्याला. साठेक व्होल्ट. पन्नासच्या वरचा एसी धोक्याचा धरतात. ट्रेलरचे सगळे ब्रेकर पाडले, साठ. प्लग तसाच ठेवून घराचं मेन स्विच पाडलं, साठ! फ्रीज बंद, घर बंद, मीटर बंद, अन् पत्रा जिवंत. मेन स्विच फेज अन् न्यूट्रल (परतीची तार) तोडते, अर्थ तोडत नाही. म्हणजे करंट आमचा नव्हताच, तो हिरव्या वायरनं उलटा ट्रेलरमध्ये येत होता. आरसीसीबी बिचारा फेजनं गेलेला अन् न्यूट्रलनं आलेला करंट तोलते, मागच्या दारानं कोण आलं त्याला काय माहीत. अन् दुपारी वावरातली मोटारीची थ्री फेज लाईन गेली की साठचा शून्य. थ्री फेज आली की पुन्हा साठ.

हिरव्या वायरच्या मागं मागं गेलो. ती धुऱ्यावर जमिनीत गाडलेल्या अर्थिंगच्या रॉडला जाते. रॉडला आमची हिरवी, अन् तिच्या खाली पीळ घालून बांधलेली एक लाल वायर, जी तुराट्यांच्या खालून निघून सरळ आबाजींच्या खोपडीत. आबाजी बाजेवर पंखा लावून पडलेले.

"आबाजी, हे लाल वायर कोणाचं?"

"माहंच हाय. काहून?"

"आमच्या अर्थिंगच्या रॉडला काहून बांधलं?"

"मंग कायले बांधू, लिंबाच्या झाडाले? बांधून पाह्यलं, पेटत नाई."

"न्यूट्रल घ्या ना पोलवरून."

"न्यूट्रल तुटून पडला गेल्या पावसात. अर्ज देल्ला. पाहून गेले, चहा पिऊन गेले, संत्री नेली. मोटारीले तीन फेज पुरतात, न्यूट्रल लागतच नाई म्हणे. आता पंखा काय मी मोटारीले बांधू?"

म्हणजे असं, की आबाजी मोटारीच्या लाईनीतला एक फेज घेतात, पंख्यातून अन् बल्बातून फिरवतात, अन् परतीच्या वाटेसाठी आमचा रॉड. तिथून करंट जमिनीतून डीपीपर्यंत जाते, ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल तिथं जमिनीत गाडलेलाच असते. काळी माती मे महिन्यात भेगाळून कोरडी ठक्क, रोध वाढलेला, म्हणून रॉडवरच व्होल्ट साचतात, अन् रॉडला जोडलेला आमचा ट्रेलर त्या व्होल्टांवर तरंगते.

"आबाजी, तुमचा पंखा आमच्या ट्रेलरच्या अंगावरून फिरून राह्यला!"

"तुमचं बिल वाढलं का?"

"नाही, पण—"

"माहं पण नाई वाढलं. साडेसात एचपीच्या मोटारीपर्यंत बिल माफ केलं ना सरकारनं चोवीस साली. मंग नुकसान कोणाचं झालं? सांग बाबू, तू शिकेल हायेस."

"झटका मला बसला ना!"

"चप्पल घालत जाय." उठले, ट्रेलरपाशी आले, टायरच्या सोलची चप्पल घालून पत्र्याला उलटा हात लावला. "पाह्य. काई नाई. अन् हात उलटाच लावाचा, सुलटा लावला तं मूठ आवळते अन् सुटत नाई." हे मात्र अगदी खरं आहे, अन् खरं असल्यामुळं मला जास्तच राग आला.

तेवढ्यात मला बालटी आठवली. आबाजी रोज सकाळी धुऱ्यावर बालटीभर पाणी ओतायचे, अन् आमच्या घरी त्याचं कौतुक व्हायचं, की पाहा, या वयात जास्वंदीला पाणी टाकतात. जास्वंद रॉडच्या शेजारी.

"आबाजी, ते पाणी..."

"हव ना. नाई टाकलं तं पंखा रेंगते. टाकलं का भर्र. मीठ टाकलं का अजून भर्र. तुह्या बुढ्यानं जागा चांगली पाहून गाडला होता रॉड."

"आमच्या बाबांनी गाडला, म्हणजे आमचा ना?"

"धुऱ्यावर हाय. धुरा अर्धा माहा. म्हंजे अर्धा रॉड माहा. मी माह्याच अर्ध्याले बांधलं, खालच्या."

यावर मी काय बोलणार. विदर्भात धुऱ्यापायी कोर्टात पिढ्या गेल्या, मला रॉडपायी जायचं नव्हतं. अन् म्हाताऱ्यावर तरी किती चिडायचं? चंद्रपूरला २९२० मेगावॅटचं वीज केंद्र, नागपूरजवळ कोराडीचं आहे, कोळसा इथला, राख इथली, ऊन तर आमचंच, अन् खोपडीतल्या एका पंख्याला न्यूट्रलची एक तार मिळत नाही पोलवरून, पावसाळ्यापासून पडलेली आहे ती, कोणी उचललीसुद्धा नाही. दिव्यांची रोषणाई तिकडं मुंबई-पुण्यात करा खुशाल, पण ती तार बांधायला किती वेळ लागते? बांधणाऱ्याला खांबावर चढण्याइतका. मी पण अर्ज देल्ला. माझ्याकडं पण चहा पिऊन गेले. संत्री या वर्षी मी लपवून ठेवली होती.

मग सरळ घराच्या दुसऱ्या अंगाला नवीन खड्डा केला. अडीच मीटरचा जीआय पाईप, कोळसा-मिठाचे थर, वरून पाणी टाकायला नरसाळं, आमची हिरवी वायर धुऱ्यावरून सोडवून तिकडं नेली. वायरमन खड्ड्याच्या काठावर बसून शेवटपर्यंत म्हणत होता, "भाऊ, एवढा खर्च कायले, वायर काढून टाकाची होती ना." मीटर आता दीड-दोनच्या वर जात नाही. सासूबाई गेल्या पुण्याला, जाताना माझ्या हातून काही घेतलं नाही, बॅगसुद्धा. धुऱ्यावरचा रॉड अख्खा आबाजींना देऊन टाकला, तोंडी.

नवीन खड्ड्यावर सिमेंटचं झाकण केलं, अन् झाकणाला कुलूप. काल आबाजी येऊन ते कुलूप हलवून पाहत होते.

"कुलूप काहून लावलं बाबू? याच्यात पाणी कोण टाकीन मग रोज?"