तिला नाव नाही

गेल्या महिन्यात इथे अमेरिकेत, ऑफिसात जेवताना माझ्या कोरियन मैत्रिणीने एक गोष्ट सांगितली. तेव्हापासून ती माझ्या डोक्यातून जात नाहीये. मैत्रीण तेव्हा पंधरा वर्षांची होती. आईबरोबर किराणा घेऊन गाडीकडे चालली होती. पार्किंगमध्ये दोन पोरांनी खिडकीतून मोडक्या इंग्रजीत एक वाक्य ओरडून म्हटलं आणि खिदळत निघून गेले. आईला इंग्रजी फारसं येत नव्हतं. तिने विचारलं, काय म्हणाले गं? हिने सांगितलं, काही नाही, रस्ता विचारत होते. ते वाक्य कुठलं आहे हे हिला पुढे कॉलेजात कळलं.

मला मात्र ऐकल्याबरोबर कळलं. कारण ते वाक्य मला पाठ होतं.

'फुल मेटल जॅकेट'. १९८७ चा सिनेमा. पुण्यात हॉस्टेलवर आम्ही पाच-सहा जणींनी लॅपटॉपभोवती गोळा होऊन पाहिला होता. व्हिएतनाममधल्या दा नांग शहराच्या रस्त्यावर एक बाई दोन अमेरिकन सैनिकांशी स्वतःचा भाव करते, असा तो प्रसंग. ते वाक्य तिच्या तोंडचं. दोन वर्षांनी एका रॅप गटाने तिचा आवाज जसाच्या तसा उचलून गाण्यात घातला आणि ते वाक्य सिनेमातून सुटून रस्त्यावर आलं. आम्हीही ते एकमेकींना म्हणून दाखवायचो आणि हसायचो. श्रेयनामावलीत त्या बाईला नाव नाही. दा नांगची वेश्या, एवढंच लिहिलंय. एका पंधरा वर्षांच्या मुलीने ते झेललं आणि आईपासून लपवलं. आपण कशाला हसत होतो, हे मला त्या दुपारी, डबा तसाच समोर ठेवून, कळलं. त्याची लाज वाटते, आणि म्हणूनच लिहितेय.

या विषयावर बोलायला गेलं की आपल्यातलेच लोक म्हणतात, अगं पण गोऱ्या पुरुषांना आशियाई मुली आवडतात, हे तर कौतुकच ना? त्यात वाईट काय?

या आवडीला कुठली बाई समोर आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं, हे वाईट. नाजूक, सोशिक, मान खाली घालून हसणारी, पुरुषाच्या मर्जीत राहणारी असं एक चित्र आधीच तयार असतं. समोर येईल तिला त्यात बसवायचं. ती बसली नाही तर लगेच ती कारस्थानी, विषारी, 'ड्रॅगन लेडी'. मधलं काही नाहीच. कामावर उशीर झालेली, गुडघा दुखणारी, मुलाच्या गणिताची काळजी करणारी बाई त्या चित्रात मावत नाही.

या चित्राच्या मागे कायदाही उभा राहिला होता. १८७५ मध्ये अमेरिकेने 'पेज कायदा' केला. वेश्याव्यवसायासाठी येणाऱ्या बायकांना रोखायचं, असं कागदावर. प्रत्यक्षात चिनी बाई दिसली की ती तशीच असणार असं धरून चालत, आणि नाही हे तिने सिद्ध करायचं. चिनी मजुरांवर बंदी घालणारा कायदा त्यानंतर सात वर्षांनी, १८८२ मध्ये आला. आधी बायकांचं दार बंद झालं.

आणि मग कथा. १९०४ मध्ये मिलानला पुच्चिनीचा 'मादामा बटरफ्लाय' हा ऑपेरा पहिल्यांदा झाला. नागासाकीत अमेरिकन नौदलाचा अधिकारी घर भाड्याने घेतो, ९९९ वर्षांच्या करारावर, पण दर महिन्याला मोडता येईल अशा. त्याच अटींवर लग्नही करतो. मुलगी पंधरा वर्षांची. तो निघून जातो, ती वाट बघते, तो अमेरिकन बायको घेऊन येतो, आणि ही स्वतःला संपवते. संगीत अप्रतिम आहे, ऐकताना माझ्याही डोळ्यांत पाणी येतं. पण ही गोष्ट शंभर वर्षं पुन्हा पुन्हा सांगितली गेली, त्याला केवळ संगीत कारण नाही. १९८९ मध्ये लंडनला 'मिस सायगॉन' हे संगीत नाटक आलं. नागासाकीच्या जागी व्हिएतनाम. मुलगी पुन्हा मरते.

यात मला सगळ्यात जास्त चटका लावते ती ॲना मे वाँग, हॉलीवूडची चिनी वंशाची नटी. जन्म १९०५ चा, लॉस एंजेलिसमध्ये, म्हणजे अमेरिकेतच. सतराव्या वर्षी 'द टोल ऑफ द सी' मध्ये नायिका झाली. बटरफ्लायचीच गोष्ट, चीनमध्ये नेलेली. पात्राचं नाव लोटस फ्लॉवर, आणि शेवटी ती समुद्रात जाते. पुढे गुलाम मुलगी, मग खलनायकाची मुलगी. 'द गुड अर्थ' हा चिनी शेतकरी कुटुंबावरचा मोठा सिनेमा निघाला तेव्हा आता तरी तिला सरळ माणसाची भूमिका मिळेल असं वाटत होतं. कष्टाळू बायकोचं काम गेलं लुईज रायनर या गोऱ्या नटीकडे, आणि तिला त्यासाठी ऑस्करही मिळालं. वाँगच्या वाट्याला येत होती ती दुसऱ्या, नाचणाऱ्या बाईची भूमिका. तिचंही नाव लोटस. फुलपाखरू, कमळ, पुन्हा कमळ. बाईला माणसाचं नाव द्यायला यांचं काय जात होतं? २०२२ मध्ये अमेरिकेच्या पाव डॉलरच्या नाण्यावर वाँगचा चेहरा आला. तिला जाऊन एकसष्ट वर्षं झाली होती.

१६ मार्च २०२१. आम्ही अटलांटाजवळ राहतो. त्या दिवशी एकवीस वर्षांच्या एका मुलाने तीन स्पांमध्ये जाऊन आठ माणसं मारली. त्यातल्या सहा आशियाई वंशाच्या बायका. सगळ्यात मोठी चौऱ्याहत्तर वर्षांची. त्याने पोलिसांना सांगितलं की वंशाचा काही संबंध नाही, त्याला 'मोह' संपवायचा होता. चौऱ्याहत्तर वर्षांची कामकरी म्हातारी कुणाचा मोह? दुसऱ्या दिवशी शेरीफच्या प्रवक्त्याने सांगितलं की त्या मुलाचा कालचा दिवस फारच वाईट गेला होता. आशियाई अमेरिकन पत्रकारांच्या संघटनेला त्या बायकांच्या नावांचे उच्चार कसे करायचे हे वेगळं सांगावं लागलं.

आणि आमच्या मराठी ग्रुपवर त्या रात्री काय चर्चा? "मसाज पार्लरमधलं प्रकरण दिसतंय." "आपल्याला काळजी नको, हे चिनी-कोरियन लोकांचं आहे." मी तेव्हा काही लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.

कारण हे फक्त त्यांचं नाहीये. आपल्याकडे कुणी गोरीगोमटी, बारीक डोळ्यांची मुलगी दिसली की 'जपानी बाहुली' म्हणतातच. बाहुली. १९५८ च्या 'हावडा ब्रिज'मध्ये एकोणीस वर्षांच्या हेलनला चिनी नर्तकी करून नाचवलं, 'मेरा नाम चिन चिन चू'. हे कुठल्या चिनी मुलीचं नाव असतं का? हेलनचा जन्म रंगूनचा. युद्धात घरच्यांबरोबर चालत चालत आसाम गाठलं आणि मग मुंबई. केवढी मोठी गोष्ट त्या मुलीकडे स्वतःची होती! पडद्यावर तिला वर्षानुवर्षं कॅब्रेच मिळाला, आणि बहुतेक वेळा शेवटच्या रिळात एक गोळी.

जुलैत पुण्याला आले होते. मावसबहिणीबरोबर कर्वे रोडच्या एका पार्लरमध्ये गेले. ती मोठ्याने म्हणाली, "त्या चिंकीकडून पाय करून घे, यांचे हात जात्याच मऊ असतात. आणि स्वभावाने गरीब, काही बोलत नाहीत." मी तिथेच, सगळ्यांसमोर तिला म्हटलं की असं बोलू नकोस, ती माणूस आहे, आणि तो शब्द शिवी आहे. बहिणीला राग आला. अजून तिचा फोन नाही.

मुलगी मणिपूरची होती, सहा वर्षं पुण्यात. बादलीत पाणी ओतून, वर न बघता तिने स्वच्छ मराठीत विचारलं, "पाणी फार गरम नाही ना, ताई?"