डाएट चार्ट ह्यांचा, काटकसर तिची

सकाळपासून डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. पोस्ट लांबणार आहे. पण ज्यांच्या घरात शुगरचा किंवा बीपीचा माणूस आहे त्यांनी जमल्यास शेवटपर्यंत वाचा.

माझी धाकटी बहीण कळव्याला राहते. मेहुण्यांची शुगर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, रोज चालायला सांगितलं आणि आहारतज्ज्ञांना भेटा म्हणाले. इथपर्यंत सगळं बरोबर. मग कोणीतरी सुचवलेल्या ठाण्यातल्या एका चकचकीत क्लिनिकमध्ये दोघं गेली. तिथून छापील चार्ट मिळाला. आज सकाळी तिने तो मला व्हॉट्सॲपवर पाठवला आणि पाठोपाठ फोन केला. "दादा, यातलं जांभळी नाक्यावर काय काय मिळेल रे? मॉलमधलं झेपायचं नाही."

चार्ट उघडला. सकाळी बदामाच्या दुधात ओट्स, वर ब्लूबेरी. दुपारी किनोआ आणि ऑलिव्ह ऑइलमध्ये परतलेली ब्रोकोली. संध्याकाळी अर्धा ॲव्होकाडो. रात्री ग्रीक योगर्ट घातलेलं सॅलड. पूर्ण पान वाचलं, कुठे भाकरी नाही. मूग नाही, मटकी नाही, मेथी नाही, ताक नाही. जो माणूस जन्मभर ज्वारीची भाकरी, आमटी आणि बोंबलाचं कालवण खात आला, त्याला समोर बसवून, त्याचं नाव वरती छापून, हा कागद दिला. तुझ्या घरी काय शिजतं, हे त्याला कोणी विचारलं तरी का?

बहिणीने बेरीज करून ठेवली होती. एका माणसाच्या त्या चार्टचं सामान महिन्याला नऊ हजारांच्या वर जात होतं. तिच्या चौघांच्या घराचं किराणा, दूध, भाजी, मासळी सगळं मिळून तेरा हजारांत बसतं. पण मला राग आला तो या बेरजेचा नाही, तिच्या पुढच्या वाक्याचा. म्हणाली, "ह्यांच्यापुरतं आणते मी. पोरांचं दूध तसंच ठेवते. माझं काय, मला कशावरही चालतं. फळंबिळं मी नाही खाल्ली तरी काही बिघडत नाही."

मला कशावरही चालतं.

हे वाक्य तुमच्यापैकी प्रत्येकाने आपापल्या आईच्या तोंडून ऐकलेलं आहे. घरात कोणी आजारी पडलं, कोणाची परीक्षा आली, कोणी जिमला जायला लागलं, की बजेटमधली पहिली कात्री कोणाच्या ताटावर चालते ते मी सांगायला नको. सकाळची पोळी रात्री तीच खाते. भाजी संपली तर लोणच्यावर भागवते. केळी पाचच आणली असतील तर तिच्या वाट्याला एकही येत नाही आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे सरकारच्याच आरोग्य पाहणीत निघालेलं आहे. ते आभाळातून पडलेलं नाही. एकाचं पथ्य महागलं की दुसरीच्या तोंडचा घास जातो, आणि त्या क्लिनिकच्या कागदावर या दुसरीसाठी एक ओळही नसते.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत कागद-पेन घेऊन बसलो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराचं मार्गदर्शन काढलंय. दोन हजार कॅलरींच्या दिवसाला माणशी भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिली, डाळ-कडधान्य किंवा अंडी-मासे ८५ ग्रॅम, धान्य २५० ग्रॅम, शेंगदाणे-तीळ वगैरे ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम. म्हणजे चौघांना महिन्याला भाजी ४८ किलो. ती ७० रुपये किलोने धरली तर ३,३६० रुपये. पेरू, केळी, पपई अशी फळं १२ किलो, ८० ने ९६०. डाळी-कडधान्य दहा किलो, १२० ने १,२००. दूध ३६ लिटर, ६० ने २,१६०. ज्वारी, नाचणी, तांदूळ, गहू मिळून ३० किलो, ५० ने १,५००. शेंगदाणे-तीळ ७०० च्या आत, तेल ५०० च्या आत. सगळं मिळून साडेदहा हजारांच्या आत. चहा, साखर, मसाला, मीठ धरलं तरी अकरा-साडेअकरा. बहीण आजच तेरा खर्च करते आहे!

म्हणजे पैसे आहेत. चौघांचं चांगलं जेवण त्या तेरा हजारांत बसतं, नुसतं मेहुण्यांचं नाही. मग जातात कुठे? ती बिचारी काही उधळी नाही. पण पोरांची बिस्किटं, दोन मिनिटांच्या नूडल्स, फरसाण, खारी-टोस्ट, कोल्ड्रिंक, बाजारातल्या रसाचे डबे, रविवारचं ॲपवरून मागवलेलं जेवण, हे सगळं त्यातच येतं. आणि हे तिच्या एकटीच्या घरचं नाही. २०२३-२४ च्या सरकारी खर्च-पाहणीत शहरात माणशी महिन्याचा खर्च ६,९९६ रुपये निघाला, त्यातला सुमारे चाळीस टक्के खाण्यावर. म्हणजे चौघांचे अकरा हजार. आणि खाण्यातला सगळ्यात मोठा हिस्सा कशाचा? पेयं, तयार खाणं आणि बाहेरचं खाणं. एकूण खर्चाच्या जवळजवळ ११ टक्के. भाजीवर ४ टक्क्यांच्या आसपास. देशभराचे आकडे आहेत, ठाणं महाग आहे, ते मान्य. पण तुम्ही सोसायटीच्या गेटवर दहा मिनिटं उभे राहा, आत जाणाऱ्या पिशव्या बघा, मग मला सांगा.

आता कोणीतरी लिहिणार की भाजी ७० रुपयांनी मिळते कुठे. बरोबर आहे, पावसाळ्यात नाही मिळत. नाशिक-पुण्याकडून माल भिजत येतो, वाशीच्या मार्केटात उतरेपर्यंत पालेभाजी अर्धी सडलेली असते आणि उरलेली दुप्पट भावाने विकली जाते. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये टोमॅटोने काय केलं होतं ते कोणी विसरलेलं नाही. परवा मला मेथीची एवढीशी जुडी चाळीसला पडली. ज्या घरात तेरा सोडा, सात हजारांत महिना काढायचा आहे, तिथे ४०० ग्रॅम भाजी हे स्वप्नच आहे. त्या घरांना हा हिशोब शिकवायला मी जाणार नाही. त्यांना रेशनवर गहू-तांदळाबरोबर डाळ आणि तेलही नियमित मिळालं पाहिजे, आणि त्यासाठी आपण सगळ्यांनी बोंब मारली पाहिजे.

पण तुमचं-माझं तसं नाही. आपल्यातल्या बहुतेकांना परवडतं, आणि आपण खोटं बोलतो. रागावू नका. "हेल्दी खाणं परवडत नाही हो" म्हणणारी माणसं गावदेवी मंडईच्या बाहेर टाकळ्याचा वाटा वीसला सांगितला की "दहाला दे" म्हणतात. शहापूर-मुरबाडकडची ती बाई पहाटे रानात जाऊन भाजी खुडते, टोपली घेऊन कसारा लोकलच्या गर्दीत उभी राहते, पावसात फुटपाथवर बसते. टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली. तिच्याशी दहा रुपयांसाठी भांडायचं आणि तेच हात घरी येऊन फोनवर अडीचशेचं ब्लूबेरीचं डबडं मागवणार, वर डिलिव्हरीचे पैसे. त्या वेळी नाही भाव विचारत कोणी!

थोडा शांत होतो.

त्या आहारतज्ज्ञ बाईंवर माझा वैयक्तिक राग नाही. ओट्स वाईट नाहीत, ब्रोकोलीही वाईट नाही. ज्याला आवडतं आणि झेपतं त्याने जरूर खावं. आणि घरगुती म्हणजे सगळं चांगलं, असंही नाही. आपणही भाताचा डोंगर वाढतो, भाजीत तेलाचा तवंग येईस्तोवर फोडणी घालतो, उपासाला साबुदाणा ओरपतो. शुगरच्या माणसाला नाचणीची भाकरीसुद्धा मोजूनच खावी लागते, शेवटी तेही पिष्टच आहे. किती, ते डॉक्टरांनीच सांगायचं. माझं म्हणणं एवढंच आहे की पथ्य घरातल्या स्वयंपाकातून निघालं पाहिजे, म्हणजे ते सगळ्यांनाच खाता येतं. एका घरात दोन ताटं लावायला लागलात की एक ताट महाग होतं आणि दुसरं ओसाड.

म्हणून दुपारी बहिणीला परत फोन केला. तास-दीड तास बोललो. तोच चार्ट समोर ठेवला आणि एकेक ओळ घेतली. ग्रीक योगर्टचं म्हटलं, घरचं दही फडक्यात टांगून ठेव, चक्का होतो, त्यात काकडी किसून घाल, जिऱ्याची पूड घाल, साखर नको. बदामाचं दूध कशाला, यांना दूध पचत नाही का? पचतं. मग आपलं गाईचं दूध साय काढून. किनोआच्या जागी ज्वारी-नाचणीची भाकरी. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या जवळपास कॅल्शियम असतं, म्हटलं, ते तुलाही हवंय, गुडघे तुझेही दुखतात. ब्लूबेरीच्या जागी पेरू, सध्या बाजारात आले की. ऑलिव्ह ऑइल राहू दे, शेंगदाण्याचं आण, पण चौघांना महिन्याला सव्वातीन किलोच्या वर जाऊ देऊ नकोस, चमचा मोजून घाल. रोज एक मोड आलेलं कडधान्य. अंडी आणायचीच, चौघांना. मासेमारीची बंदी ३१ जुलैला उठते, मग बांगडा-मांदेली ताजी घे, तोवर सुकं जपून, मेहुण्यांना मीठ नको.

ती लिहून घेत होती. मधेच थांबली. म्हणाली, "म्हणजे हे मी पण खायचं?"

अरे देवा. काय उत्तर द्यायचं याला? सेहेचाळीस वर्षांची बाई, मुलगा कॉलेजला, आणि ती भावाला विचारते की हे मी पण खायचं का. मला दोन मिनिटं बोलता आलं नाही. खायचंच, म्हटलं. आधी तू वाढून घे, मग बाकीच्यांचं वाढ. हसली. "असं कुठे असतं का दादा," म्हणाली.

आपल्याच घरात नसेल, तर असणार कुठे?

एक गोष्ट मात्र तिने अशी सांगितली की ती मला मान्यच करावी लागली. "दादा, हे सगळं स्वस्त आहे खरं, पण निवडायचं कोणी?" पालेभाजी निवडायची, तीन पाण्यांतून काढायची, कडधान्य भिजत घालायचं, मोड काढायचे, भाकऱ्या थापायच्या, आणि हे सगळं सकाळी आठच्या लोकलच्या आत. पाकीट फोडलं की दोन मिनिटांत काम होतं, म्हणूनच ते पाकीट घरात येतं. साडेदहा हजारांच्या माझ्या हिशोबात तिचे हे दोन तास कुठेच धरलेले नव्हते. मग मी मेहुण्यांना फोनवर बोलावलं. गृहस्थ भला आहे, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. रात्री टीव्हीसमोर बसून मेथी निवडायची, कडधान्य भिजत घालायचं आणि शनिवारी माझ्याबरोबर बाजाराला यायचं, हे कबूल केलंय. मुलालाही अंडी उकडण्यापासून सुरुवात करायला लावतोय. ज्याची शुगर त्याचे हात लागलेच पाहिजेत. आणि मित्रांनो, ज्यांची शुगर नाही त्यांचेही. बायको सगळं करते म्हणून आपलं पथ्य सांभाळलं जातंय, हे इथल्या किती पुरुषांनी मनातल्या मनात तरी कबूल केलंय?

हा बदललेला बेत मेहुणे सोमवारी डॉक्टरांना दाखवणार आहेत. गोळ्या चालू असताना आपल्या मनाने काही करायचं नाही, हे त्यांना बजावलंय. डॉक्टर जे खोडतील ते खोडू.

आता मदत हवी आहे. बहीण ज्वारी-नाचणी घेणार, पण तिच्या जवळच्या गिरणीत नाचणी दळून द्यायला तयार नाहीत, आणि जो एक देतो तो पाच किलोच्या खाली हात लावत नाही. पावसाळ्यात पीठ फार दिवस टिकत नाही, तेव्हा एवढं दळण भरून ठेवण्यात अर्थ नाही. कळव्यात, खारीगावात किंवा ठाणे स्टेशनच्या आसपास किलो-दोन किलो भरड धान्य दळून देणारी गिरणी कोणाला माहीत असेल तर खाली कमेंटमध्ये लिहा. गिरणी रविवारी उघडी असते का तेही सांगा, बाकीचे दिवस तिला जमत नाही.