'रिपोर्ट नॉर्मल आहे, मनावर घेऊ नका': फिरत्या मेसेजला उत्तर

इंदूरच्या मराठी ग्रुपांत, भिशीपासून गणेशोत्सवापर्यंत, एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे आजार नाही. बायकांचा थकवा, धडधड बहुतेक मनाची. पाळीत दुखणारच, आज्यांनी कुठे तक्रार केली? आणि डॉक्टरांना प्रश्न विचारणं, दुसऱ्याकडे जाणं म्हणजे अविश्वास. खाली हात जोडलेले दोन इमोजी.

'रिपोर्ट नॉर्मल म्हणजे आजार नाही.' रिपोर्ट फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो. थकव्यासाठी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची साधी तपासणी केली, हिमोग्लोबिन 12.1 आलं. गरोदर नसलेल्या बाईसाठी जागतिक आरोग्य संघटनेची रेषा 12 ची, म्हणजे कागदावर सगळं ठीक. पण लोहाचा साठा त्याआधीच संपलेला असू शकतो. तो कळतो फेरिटिन या रक्ततपासणीतून, आणि फेरिटिन सीबीसीत नसतं, वेगळं लिहून घ्यावं लागतं. 15 च्या खाली असेल तर साठा रिकामा. 30 च्या खालीही बरेच डॉक्टर कमतरता धरतात. ताप किंवा इन्फेक्शन चालू असताना मात्र ते करू नका, आकडा उगाच चढलेला येतो.

उलटी चूकही तितकीच होते. हिमोग्लोबिन 10 आलं की ऐकायला मिळतं, 'बायकांचं एवढंच असतं.' 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय होता, मध्य प्रदेशात 54.7 टक्के. घरोघरी आहे म्हणून ते नॉर्मल होत नाही. लोहाची गोळी सुरू झाली तर चहाबरोबर किंवा कॅल्शियमबरोबर घेऊ नका. हिमोग्लोबिन रेषेवर आलं तरी साठा भरायला पुढे साधारण तीन महिने लागतात. बहुतेक जणी नेमक्या तिथेच गोळी सोडतात, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तोच थकवा.

थायरॉइडचंही एक ऐका. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर काही लॅबच्या यंत्रांवर टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या तपासणीचा आकडा, खोटा कमी दिसू शकतो. डॉक्टरांना विचारून दोन दिवस आधी बंद करा. केसांच्या गोळीला कोणी औषध म्हणत नाही, म्हणून ती सांगायची राहते.

'हे सगळं मनाचं.' इथे इंदूरची एक खास अडचण आहे. आपण मराठीत दुखतो आणि हिंदीत सांगतो. 'जीव घाबराघुबरा होतो' याचं क्लिनिकमध्ये 'घबराहट होती है' होतं. बाईला म्हणायचं असतं की जिना चढताना छाती धडधडते. ऐकणाऱ्याला वाटतं की ही घाबरट आहे, आणि कागदावर झोपेची गोळी उतरते. 'ओटीपोटात कळ येते' याचं 'पेट दुखता है' झालं की ॲसिडिटीची गोळी ठरलेली. 'दम लगता है' म्हटलं तर हिंदीत त्याचा 'दम लागतो' असा अर्थच होत नाही.

म्हणून वाक्यं घरीच जुळवून जा. 'दूसरी मंज़िल चढ़ने पर साँस फूलती है, तीन महीने से, पहले नहीं फूलती थी.' 'पेडू में दर्द है, महीने में पाँच दिन, काम पर नहीं जा पाती.' कधीपासून, किती वेळ, कशाने वाढतं, कोणतं काम अडतं. पाच ओळी, एक कागद, मागे चालू औषधं डोससकट. सरकारी ओपीडीच्या रांगेत मिळणाऱ्या दोन-तीन मिनिटांत एवढंच मावतं. बरोबर यजमान किंवा सासूबाई असतील तर आधीच सांगून ठेवा: सुरुवातीला मी बोलेन.

पॅनिक अटॅक असतो, खराखुरा असतो. पण ते निदान ईसीजी, हिमोग्लोबिन, टीएसएच पाहून करायचं. बाईचं वय आणि चेहरा पाहून नाही. छातीत जडपणा, घाम, जबडा किंवा पाठ दुखणं, मळमळ असेल तर ओपीडीची वाट न बघता 108 ला फोन करा. पहिला ईसीजी साफ आला म्हणून लगेच घरी पाठवत असतील तर ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का हे दाखवणारी रक्ततपासणी) आणि काही वेळाने पुन्हा ईसीजी करणार का, हे विचारा. सुरुवातीचा ईसीजी साफ असूनही हार्ट ॲटॅक असू शकतो.

'पाळीत दुखणारच.' थोडं दुखेल. पण दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागणं, दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या गाठी पडणं, सात दिवसांहून जास्त जाणं, गोळी घेऊनही शाळा-ऑफिस बुडणं, हे थोडं नाही. 'बहुत जाता है' असं मोघम न सांगता पॅड मोजून सांगा. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार, जगात प्रजननवयातल्या साधारण दहापैकी एकीला असतो, आणि पोटाच्या अस्तरावरचे त्याचे उथळ डाग साध्या सोनोग्राफीत दिसत नाहीत. सोनोग्राफी साफ आली आणि दुखणं तसंच राहिलं, तर विचारायचं: 'इसके अलावा और क्या हो सकता है?' आज्यांची तक्रार कोणी लिहून घेतली नाही, एवढंच त्या मेसेजवरून सिद्ध होतं.

'प्रश्न म्हणजे अविश्वास.' अमेरिकेत 1977 च्या सरकारी सूचनेने, मूल होऊ शकेल अशा स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळलं जाई. ती 1993 मध्ये मागे घेतली. तिथेच झोल्पिडेम या झोपेच्या गोळीचा स्त्रियांसाठीचा डोस निम्मा व्हायला 2013 उजाडलं. औषधांच्या चाचण्यांतच बायका राहून गेल्या, म्हणून विचारायला जागा आहे. 'एमआरआय लिहाच' असा हट्ट मात्र करू नका. तपासणी नको म्हणाले तर का नको आणि पुन्हा कधी दाखवायचं, एवढं पर्चीवर लिहून मागा.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याचा हक्क आहे, आणि पुरुष डॉक्टर तपासत असताना दुसरी स्त्री हजर असण्याचाही. भरती झाला असाल तर मागितल्यापासून 72 तासांत उपचारांचे कागद रुग्णाला द्यायचे, हा वैद्यकीय परिषदेचा 2002 चा नियम. अर्ज लेखी द्या, आपल्या प्रतीवर शिक्का घ्या. सोनोग्राफीची फिल्मही मागा, नुसता टाइप केलेला रिपोर्ट पुरत नाही. आणि नव्या डॉक्टरांना पहिल्याचं निदान आल्याआल्या सांगू नका. आधी पाच ओळींचा कागद, मग फाइल.