गणपती पेठेतलं ते बंद दुकान : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

आपण सत्तरी ओलांडल्याचं लिहिलंय, म्हणून काकाच म्हणतो. सांगलीच्या गणपती पेठेतल्या बंद अडत दुकानात मी जाऊन आलो, त्या लेखावरची आपली प्रतिक्रिया तीनदा वाचली. भूत मानत नाही तर अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन तिथं गेलात कशाला, पेठेची आणि त्या घराण्याची बदनामी का केलीत, आणि शेजारच्या पेढीवर दिवाणजी असलेल्या आपल्या वडिलांसारख्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलेला, त्या दुकानाच्या पेवात मेलेल्या दोघांचा खोकला ‘मनाचे खेळ’ म्हणून कसा उडवून लावलात, असं आपण विचारलंय.

बदनामीचं आधी बोलतो, कारण तिथं चूक माझी आहे. दुकानाचं नाव मी लिहिलं नव्हतं, पण फोटोत फळ्यांवरची पाटी वाचता येत होती. पुढचे चार-पाच दिवस रात्री पोरं मोटारसायकली घेऊन आली, फळ्यांवर दगड मारून गेली. शेजारच्या दुकानदारांनी फोन करून सांगितलं तेव्हा मला कळलं. फोटो त्याच दिवशी काढला. त्या घरी जाऊन माफी मागून आलो, आपलीही मागतो.

गेलो ते त्या हातासाठी. तराजू टांगायच्या आकड्यामागच्या भिंतीवर रक्ताचा पंजा आहे, हे मी शाळेत असल्यापासून ऐकत होतो. मालकांच्या पुतण्याला स्वतःचं काम आटोपून यायला साडेसात वाजले, म्हणून अंधार. आत ओल, कुजलेल्या गोणपाटाचा वास, आणि त्याखाली अजूनही हळदीचा. भिंतीवर 2019 च्या महापुराची रेघ माझ्या छातीएवढी. त्या वेळी कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं होतं, आपण पाहिलंच असेल. रेघेच्या वीतभर वर तो हात. तांबूस, माझ्या हातापेक्षा लहान, करंगळी अर्धवट उमटलेली. मी बॅटरी जवळ धरली. बोटांच्या कडेला रंग पिवळा होता.

घरी येऊन आईच्या पानाच्या डब्यातला चुना बोटावर घेतला, चिमूटभर हळद चोळली. बोट लाल झालं. आईनं बघितलं आणि म्हणाली, “अरे, कुंकू कशाचं करतात?” सणाआधी भिंतीला चुना लावलेला, तो ओला असताना दिवसभर हळकुंडांच्या पोत्यांत राबलेल्या कुणीतरी टेकायला हात लावला. माझ्या मते एवढंच घडलं असावं. लेखात हे मी फार शहाणपणानं लिहिलं आणि खरी गोष्ट चार ओळींत उरकली. आपला राग त्यावर असता तर मला जास्त पटला असता.

खरी गोष्ट पेवाची. त्या दुकानाची हळद सांगलीजवळच्या हरिपुरात, जमिनीखालच्या पेवात असायची. वरून अरुंद तोंड, आत दोन-तीन पुरुष खोल पोकळी, तोंड बंद केलं की हळद वर्षानुवर्षं कीड न लागता टिकते. का टिकते? आतला प्राणवायू संपत जातो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि त्यात कीडही जगत नाही. माणूसही जगत नाही. म्हणून पेव फोडलं की ते बराच वेळ उघडं ठेवायचं, कंदील सोडून बघायचा, विझला तर उतरायचं नाही. हरिपूरचं लहान पोरही हे सांगेल. ते दोघं गेले त्या दिवशी सौदा ठरला होता, गाडी उभी होती, घाई होती. कंदील सोडला नाही, असं एका म्हाताऱ्या हमालानं मला सांगितलं. पहिला उतरला तो वर आला नाही. त्याला काढायला दुसरा उतरला, तोही राहिला.

पेठेत हीच गोष्ट कशी सांगतात? “आधी मेलेल्यानं दुसऱ्याला खाली ओढलं.” काका, माझा सगळा जीव इथं अडकलाय. जो मित्राला वाचवायला उतरला, त्याचा बळी त्याच्याच मित्राच्या माथी मारला गेला. ज्यानं उतरायला लावलं त्याचं नाव कुणी घेत नाही. आणि हे जुनं झालं म्हणावं तर तसंही नाही. आजही विहिरीत, गटाराच्या चेंबरमध्ये एक उतरतो, मग त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघंही जातात. तिथं भूत कुणी म्हणत नाही, पण थांबून बघतही नाही.

आता खोकला. ‘मनाचे खेळ’ हे शब्द मी मागे घेतो, लेखातूनही काढलेत. आपल्या वडिलांनी ते दोघं रोज पाहिले, हळदीच्या धुळीनं भरलेला त्यांचा खोकला रोज ऐकला. सामान उतरून पेठ शांत झाल्यावर तो त्यांना पुन्हा ऐकू आला, यावर शंका घेणारा मी कोण? मला तो ऐकू आला नाही, कारण मी त्या दोघांना कधी पाहिलंच नव्हतं.

लेख मी पुन्हा लिहायला घेतलाय. मालकांच्या घरी कुणाला आठवत नाही, त्या म्हाताऱ्या हमालालाही एकाला ‘तात्या’ म्हणायचे एवढंच आठवतं. वडिलांच्या बोलण्यात त्या दोघांची नावं कधी आली असतील, तर तेवढी कळवाल का? आपल्याला चालणार असेल तर मी घरी येऊन लिहून घेतो.